गळतीच्या वहीतलं संचित

भाच्याने मागच्या महिन्यात विचारलं, "मामा, तुमच्या काळातल्या गळतीच्या वह्या खऱ्या असायच्या ना?" धरणांच्या जुन्या नोंदी कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायचं त्याचं काम चालू आहे. पाणीपातळी अमुक, पाऊस अमुक, तर धरणाच्या पोटातल्या गॅलरीतली गळती साधारण किती, हे यंत्र त्या नोंदींवरून शिकतं. आकडा नेहमीच्या चालीबाहेर गेला की इशारा देतं. मी "हो" म्हणालो, आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मी पुण्याच्या शनिवार पेठेतला. १२ जुलै १९६१ ला सहा वर्षांचा होतो. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधूनही झालं नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीवरचा भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, सकाळी धरण फुटलं. मग खडकवासल्याचं दगडी धरणही गेलं. आईने हाताला धरून मला पर्वतीच्या पायऱ्या चढवल्या, तेवढं आठवतं. ते पाणी रात्रीच्या अंधारात आलं नाही, उजेडी आलं, ते त्या पोत्यांमुळे. मोठा झाल्यावर हे कळलं आणि मी पाटबंधारे खात्यात गेलो.

आणि तरीही १९८६ च्या पावसाळ्यात, एका धरणावर रात्रपाळीला असताना, अंगात ताप होता म्हणून मी गॅलरीत उतरलो नाही. शंभरावर ओल्या पायऱ्या होत्या. गळती मोजायच्या व्ही-नॉचवरची पट्टी न बघताच आदल्या रात्रीचा आकडा वहीत उतरवला. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री ताप नव्हता, तरी तेच केलं. बाहेर पाऊस वाढत होता, पातळी चढत होती, आणि माझ्या वहीत गळती जागची हलत नव्हती.

धरणाला काही झालं नाही. म्हणून मी ते विसरू शकलो.

आता यंत्र ती वही वाचणार. पातळी चढली तरी गळती तेवढीच राहते, असं ते शिकेल. उद्या खरंच एखादं मापक अडकलं आणि एकच आकडा दाखवत राहिलं, तर यंत्राला त्यात वावगं काही वाटणार नाही. असं होणं त्याला माझ्या अक्षरात आधीच भेटलेलं असेल. भाचा म्हणतो, वह्या असंख्य आहेत, तीन आकड्यांनी काय होतंय! पण त्या रात्री न उतरणारा राज्यात मी एकटाच होतो, असं मला म्हणवत नाही.

आमच्या मंडळात दर शनिवारी गीतेचा अठरावा अध्याय चालतो. कर्माची पाच कारणं तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. मी इतके दिवस यंत्राला बिनघोर करणात बसवत होतो. कुदळ तशी ही बुद्धी. पुढे असंही आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. त्या वाक्याचा आडोसा घ्यायचा मोह मला झाला. दोष पाचांत वाटला की माझ्या वाट्याला थोडाच उरतो. पण शास्त्र अहंकार सोडायला सांगतं, न उतरलेल्या पायऱ्या सोडून द्यायला नाही. संचित हा शब्द मी जन्मभर जीवाबद्दलच ऐकला होता. यंत्राला स्वतःचं पाप नसेलही, पण त्याच्याजवळ संचित आहे, आणि ते आमचं आहे. त्याचं फळ भोगणारा मात्र धरणाखालच्या गावातला कुणी असेल, जो तेव्हा जन्मलाही नव्हता. ही गोष्ट मला कुठल्याच भाष्यात सुटलेली सापडत नाही.

परवा भाच्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. "तारखा?" म्हणाला. मला आठवत नाहीत. "मग तो सगळा महिनाच वगळू का?"

पण त्याच महिन्यात एक आड एक आठवडा दुसऱ्याची रात्रपाळी असायची. तो कंदील घेऊन रोज उतरायचा, ओले पाय घेऊन वर यायचा आणि मग लिहायचा. महिना वगळला तर त्याचे आकडेही जातील. वह्या अजून कपाटात आहेत म्हणे. गुरुवारी भाच्याबरोबर जाणार आहे. अक्षर ओळखून माझी पानं बाजूला काढायची आहेत.