बहुधा मूळ

इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या कित्येक किल्ल्या शेकडो अंकी दोन मूळ संख्या गुणून बनवतात. त्या संख्या मूळ आहेत हे आम्ही प्रोग्रॅमर सहसा सिद्ध करत बसत नाही. मिलर-राबिन कसोटी लावतो, अगदी धास्तावलेला असेल तो चाळीसदा लावतो, आणि पुढे जातो. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या आत्याला हे मुळीच पटत नाही.

आत्या : सिद्धता मिळत असताना अंदाजावर भागवायचं? २००२ साली कानपूर आयआयटीत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दाखवलंय ना, की संख्या मूळ आहे की नाही हे नक्की ठरवता येतं, तेही वाजवी वेळात!

मी : वाजवी म्हणजे तुमच्या गणितातलं वाजवी. प्रत्यक्षात ती रीत फार संथ आहे. आमच्या कसोटीत संख्या संयुक्त असली, तर साक्षीदार म्हणून निवडलेल्या आकड्यांपैकी फार तर चौथा हिस्सा खोटी साक्ष देतो. चाळीसही साक्षीदार खोटे निघण्याची शक्यता चारच्या चाळिसाव्या घातात एक.

आत्या : शक्यता कसली? संख्या मूळ असते किंवा नसते.

मी : शक्यता संख्येत नाही गं, साक्षीदारांच्या निवडीत आहे.

आत्या : ते कोण निवडतं?

मी : रँडम नंबर जनरेटर.

आत्या : म्हणजे एक सूत्रच. तेच बीज, म्हणजे तोच सुरुवातीचा आकडा, दिलं की तीच माळ. सूत्राने रँडम आकडे काढणाऱ्याला फॉन नॉयमनने १९५१ मध्ये पापी ठरवलं होतं, आणि स्वतःही तेच करत होता. बीज ठरलं तेव्हाच तुझे चाळीसही साक्षीदार ठरले. मग शक्यता उरली कुठे?

मी : पण आम्हाला फसवायला कोणी संख्या मुद्दाम घडवत नाही.

आत्या : आर्नो नावाच्या गणितज्ञाने १९९५ मध्ये घडवली. ३९७ अंकी, संयुक्त. आणि ३०७ पेक्षा लहान असलेली एकूण एक मूळ संख्या तिच्या बाजूने खोटी साक्ष देते.

मी : म्हणून तर साक्षीदार ठरलेले नसावेत, आणि बीज बाहेरून घ्यावं. किबोर्डच्या दोन ठोक्यांमधला वेळ, सर्किटमधला गोंगाट. लॉरेन्झने संगणकातल्या हवामानाच्या समीकरणांत ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं तर पुढचं सगळं हवामान बदललं. तसंच हे.

आत्या : लॉरेन्झचीही समीकरणंच होती. तोच आकडा पुन्हा भर, तेच हवामान येईल. असल्या केऑसमुळे तुझं अज्ञान वाढतं, निसर्गाचं नाही.

मी : निसर्गाला फसवायचंय कोणाला? हल्लेखोर फसला की झालं.

आत्या : मग शक्यता संख्येतही नाही आणि साक्षीदारांतही नाही, ती हल्लेखोराच्या डोक्यात आहे. असं असेल तर चारच्या चाळिसाव्या घातात एक, हा हिशेब तू कोणाच्या डोक्यात केलास?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मी विषय बदलला, आणि तो बदलायलाच हवा होता असं मला वाटतं. कारण घात होतो तो दुसऱ्याच जागी.

मी : २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या गोळा केल्या. हजारो किल्ल्यांतली एक मूळ संख्या दुसऱ्या कुठल्या तरी किल्लीतही निघाली. राउटरसारखी यंत्रं पहिल्यांदा सुरू होताच किल्ली बनवतात. तेव्हा त्यांच्याजवळ पुरेसं वेगळं बीज नसतं. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही उघडतात. अवयव पाडायची गरजच नाही, युक्लिडची रीत पुरते.

आत्या : आणि त्या संख्या मूळ होत्या?

मी : होत्या. कसोटीने काही चूक केली नव्हती.

आत्या : म्हणजे माझ्या सिद्धतेने त्या वाचल्या नसत्या. तुझ्या चाळीस फेऱ्यांनीही नाही. पण मला सांग, मूळ संख्या तरी कितपत रँडम असतात? सौंदरराजन आणि लेम्के ऑलिव्हर यांचं २०१६ चं काम वाचलंस?

मी : शेवटच्या अंकाचं? हो. एकने संपणाऱ्या मूळ संख्येनंतरची मूळ संख्याही एकनेच संपावी, असं चारात एकदा घडायला हवं. पहिल्या दहा कोटी मूळ संख्यांत ते साडेअठरा टक्क्यांच्या आसपासच घडतं. पण संख्या वाढतील तसा हा कल ओसरतो, असं त्यांचं अनुमान आहे.

आत्या : सिद्ध झालंय?

मी : नाही. आकडे जुळतात, एवढंच.