शरीर हेच क्षेत्र

आषाढीच्या वारीत श्रीतुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी अशी इंदापुरास येते. ह्या वाटेवर आम्ही पुष्कळ वर्षे कीर्तनसेवा केली. देहाचा विषय निघाला, की “हाडांचा सापळा, कातड्याची पिशवी” एवढे म्हणून आम्ही पुढे जात असू. श्रोते माना डोलवीत. त्या बोलण्यातली आमची एक चूक आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

एके वर्षी निमगाव केतकीच्या मुक्कामी दिंडीतले एक वृद्ध विणेकरी जवळ येऊन बसले. म्हणाले, “महाराज, मेल्यावर हा देह डाक्टरकीच्या पोरांना शिकायला द्यावा म्हणतो. चालंल का?” आम्ही क्षणभरही विचार न करता म्हणालो, “बुवा, अग्निसंस्कार चुकवू नका.” त्यांनी मान खाली घातली. पुढे ते वारले, आणि आमच्या शब्दाप्रमाणे देह अग्नीस दिला गेला.

त्यानंतर इंदापूर तालुक्यातल्या एका माळकरी घरी आम्ही उतरलो असता, वैद्यकी शिकणारी त्यांची लेक कीर्तन ऐकून म्हणाली, “महाराज, पिशवी म्हणता, पण आत काय आहे ते ऐकाल का?” पोरीने दोन तास सांगितले. आम्ही ऐकत राहिलो.

ती म्हणाली ते आपल्या भाषेत सांगतो. देहाचा सर्वांत लहान सजीव घटक म्हणजे पेशी. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, आणि एका देहात ३० लाख कोटींच्या आसपास पेशी नांदतात. पेशी म्हणजे एकटा वारकरी समजा. एकाच कामाच्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते. जशी टाळकऱ्यांची रांग. ऊती मुख्यतः चार : आच्छादन करणारी, जोडणारी, आकुंचन पावणारी स्नायूची आणि संदेश नेणारी मज्जेची. ह्या चारही मिळून हृदय, यकृत, जठर असे अवयव होतात. जशी टाळकरी, विणेकरी, पखवाजी, पताकावाले मिळून दिंडी. आणि सर्व दिंड्या मिळून सोहळा, तो देह.

आता गंमत पाहा. रक्तातली तांबडी पेशी आपले केंद्रकही टाकून देते, प्राणवायू वाहण्यास जागा व्हावी म्हणून! सुमारे १२० दिवस ती देहभर रिंगण घालते आणि मग विरून जाते. हृदय दिवसात लाखभर ठोके देते. उलट एखादी पेशी कोणाचे न ऐकता आपलीच वाढ करू लागली, की त्यालाच कर्करोग म्हणतात. दिंडीत अहंकार शिरला म्हणजे काय होते, ते निराळे सांगावयास नको.

आम्ही लाजलो ते वेगळ्याच कारणाने. बालपणी पाठशाळेत आम्ही सुश्रुताचे शारीरस्थान वाचले होते. शव मुंजगवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, सात रात्री नदीत ठेवावे. मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक अंग डोळ्यांनी पाहावे, असे तो सांगतो. त्याने हाडे ३०० मोजली, चरकाने दातनखांसह ३६०. आजचे शास्त्र प्रौढ माणसाची २०६ मोजते. मोजणी बदलली, पण पाहिल्यावाचून वैद्य होत नाही हे बदलले नाही. हे ठाऊक असून आम्ही त्या विणेकऱ्यास अडविले!

बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिल्याच वर्षी मुले शवापुढे उभी राहतात, आणि शव हा आपला पहिला गुरू, असा पाठच आज वैद्यकाच्या अभ्यासक्रमात आहे. मग त्या गुरूस आम्ही नाही म्हणावे काय?

म्हणाल, “महाराज, मग संस्काराचे काय?” अहो, ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून दहन करावे, असा विधी धर्मशास्त्रातच आहे. शास्त्राने वाट ठेवली आहे. आम्हीच तिच्याकडे पाठ फिरविली होती.

नाथमहाराज सांगतात, की देह निंद्य म्हणून टाकला तर मोक्ष हातचा जातो आणि वंद्य म्हणून भोगला तर अधोगती ठेवलेली. म्हणून तो भगवंताच्या कामी लावावा. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे. क्षेत्र म्हणजे शेत. पीक निघाले म्हणून शेतकरी शेताला शिव्या देत नाही. पुढच्याच्या हाती देतो.

ज्यांच्या मनात असेल त्यांनी जिवंतपणीच अर्ज भरावा आणि मुख्य म्हणजे घरच्यांना सांगावे. कारण शेवटी देह नेऊन देणार ते. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य रोगांनी गेलेला देह महाविद्यालय घेत नाही. ज्यांना नको वाटेल त्यांनी देऊ नये. त्यात कमीपणा नाही. पण देऊ पाहणाऱ्यास कोणी आमच्यासारखे अडवू नये.

विणेकरीबुवा, आपली क्षमा मागण्यास आता हीच एक जागा उरली. रामकृष्णहरि.