मातीची मगर आणि नदीची मालकी

नदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न एरवी कायद्याचा मानला जातो; गोव्यात मांडवी आणि जुवारी यांच्या काठी मात्र तो मुळात धर्माचा आहे, आणि येथे धर्म हा शब्द ‘धृ’ या धातूच्या अर्थाने, म्हणजे जे धारण करते आणि टिकवून धरते ते, असा घ्यावा लागतो. राज्याच्या अंतर्भागातील खाणींचे लोहखनिज कित्येक दशके बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांतून, याच नद्यांवाटे मुरगाव बंदराकडे जात राहिले. २०१६ च्या कायद्याने घोषित केलेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत या दोन्ही नद्या आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा आला, तेव्हा काठच्या मच्छीमारांनी व शेतकऱ्यांनी केलेला विरोध हा विकासाला केलेला आंधळा अडथळा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

हा विरोध समजण्यासाठी खाजण समजावे लागते. भरतीचे खारे पाणी मातीचे बांध घालून अडवायचे, मानस नावाच्या झडपांच्या दारातून ते हवे तेवढेच आत-बाहेर सोडायचे, आणि त्या राखलेल्या सखल जमिनीत खारटपणा सोसणारे कोरगुट भात घ्यायचे, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे. जड बार्ज गेली की उठणारी लाट बांधाच्या पायथ्याची माती थोडीथोडी ओढून नेते. बांध फुटून खारे पाणी एकदा शेतात शिरले, की तो खार धुऊन निघेपर्यंत जमीन नापीक राहते.

कालव्याकाठच्या काही गावांत पौष अमावास्येला याच खाजणात ओल्या चिखलाची मगर घडवून, शिंपल्या आणि काटक्यांनी सजवून, तिची पूजा होते. कोकणीत मगरीला माणगें म्हणतात, म्हणून हा विधी माणगें थापणी. ज्या पाण्यात खरी मगर वावरते, त्याच्याच काठी, ज्या मातीने बांध घालतात त्याच मातीची ही मूर्ती असते, आणि तिच्याकडे मागणे असते ते राखणीचे. राखण आणि मालकी यांतला भेद येथे उघड होतो, कारण मालकाला वस्तू विकता येते, राखणदाराला ती फक्त सांभाळता येते. शिवाय येथे माणूस एकटा राखणदार नाही, ज्याचे भय वाटते तो प्राणीही त्या कामात भागीदार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोव्यातील खनिज उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि पुढील पिढ्यांसाठी कायम निधी उभारण्यास सांगितले, त्यामागे नैसर्गिक संपत्तीचे विश्वस्तपण ही या राखणीच्या जवळची कल्पना होती. तरीही तो विचार माणसांच्या पिढ्यांपाशी थांबतो, माणगें थापणी त्याच्या पलीकडे जाते. नदीला देवी म्हटले की ती सुरक्षित झाली, हे समाधानही खोटे आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्तित्व दिले, त्याला काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, आणि शतकानुशतके पुजलेल्या त्या नद्यांत सांडपाणी तर त्याही आधीपासून वाहत होते. खाजणातली पूजा वेगळी पडते ती याच ठिकाणी, कारण तेथे हात जोडणाऱ्यालाच बांधाची भगदाडे बुजवायला चिखलात उतरावे लागते.