नागपूरला समुद्र कोठे आहे?

गेल्या सप्टेंबरातील एका रविवारची गोष्ट. ख्रिस्तसभेत हा महिना सृष्टीसाठी प्रार्थना करण्याचा काळ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या विनंत्यांत एक विनंती समुद्र आणि त्यावर पोट भरणारे कोळी बांधव यांच्यासाठी होती. नंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने आम्हांला विचारले, "फादर, नागपूरला समुद्र कोठे आहे? मग आपण त्याच्यासाठी प्रार्थना का केली?" वर्गात हशा पिकला. "सारी सृष्टी देवाचीच आहे, बाळ," असे सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळलो. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु ती पळवाट होती, हे मनाला टोचत राहिले. जे सर्वांचे आहे त्याविषयी माझे नेमके कर्तव्य कोणते, हा त्या मुलीचा खरा प्रश्न होता.

आम्ही नकाशा उघडला. आपल्या शहराला जिचे नाव मिळाले ती नाग नदी वाडीपलीकडे लावा गावाच्या टेकड्यांत उगम पावते आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊन पुढे कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेत जाते. गोसीखुर्द धरण ओलांडून वैनगंगा वर्धेला भेटते, तेथून तिचे नाव प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत विलीन होते. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात आणि कोरिंगाच्या खारफुटीजवळ ती बंगालच्या उपसागराला मिळते. मुंबईचा समुद्र आपण सुट्टीत पाहतो. आपले सांडपाणी मात्र दुसऱ्याच समुद्राकडे जाते, जो आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नाही.

त्या समुद्राची प्रकृती नाजूक आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी डेन्मार्क आणि जर्मनीतील सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बंगालच्या उपसागरात सुमारे १०० ते ४०० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ संपलेला आहे, केवळ लेशमात्र उरला आहे, असे त्यांना आढळले. सांडपाणी आणि खते यांतील नायट्रोजन व फॉस्फरस समुद्रात पोचले की सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. त्या मरून खाली बसतात आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरतात. उरलेला लेशही संपला तर सागरातील पोषक द्रव्यांचा तोलच बदलू शकेल, असा इशारा या संशोधकांनी दिला आहे.

येथे कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, "फादर, यात नागपूरचा वाटा तो किती? वाटेत धरणे आहेत, शेकडो गावे आहेत. आमचा थेंब त्या सागरात कोण मोजणार?" आक्षेप खरा आहे. परंतु प्रत्येक गावाला हेच म्हणता येते, आणि प्रत्येकाचे म्हणणे तितकेच खरे असते. सर्वांच्या खऱ्या सबबींची बेरीज मात्र मृत पाण्यात होते. अपराध जेव्हा अनेकांत वाटला जातो तेव्हा प्रत्येकाचा वाटा हलका होतो, पण तो नाहीसा होत नाही.

समुद्र सर्वांचा, हा विचार जुना आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियन याच्या विधिग्रंथाने वायू, वाहते पाणी आणि समुद्र या निसर्गतः सर्वांच्या सामायिक वस्तू मानल्या. १६०९ साली ग्रोशियस या डच पंडिताने समुद्र सर्वांना खुला आहे असे प्रतिपादन केले. त्यामागे पूर्वेकडील व्यापारातील पोर्तुगिजांची मक्तेदारी मोडण्याचा हेतूही होता. हळूहळू 'सर्वांचा समुद्र' म्हणजे 'ज्याचे जहाज मोठे त्याचा समुद्र' असा अर्थ झाला. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाला हक्क दिले आणि त्याबरोबर रक्षणाची जबाबदारीही दिली. पण मासळीला ही रेघ दिसत नाही. हिल्सा ही एकच मासळी बांगलादेश, भारत आणि म्यानमार या तिन्ही देशांच्या कोळ्यांच्या जाळ्यात येते. तीच अंडी घालण्यासाठी गोदावरीत शिरते आणि तेथे पुलसा म्हणून ओळखली जाते. आपले पाणी समुद्राकडे जाते, तसा समुद्रही आपल्या नदीत पाहुणा म्हणून येतो.

मग सामायिक वस्तूचे रक्षण कसे करावे? याचे उत्तर आम्हांला एका कासवाने दिले. जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालण्यास आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी लावलेला होता. पूर्व किनाऱ्याचे कासव सुमारे ३,५०० किलोमीटर अंतर कापून पश्चिम किनाऱ्यावर आले होते. ज्यांनी बिल्ला लावला त्यांना ते कोठे जाईल हे ठाऊक नव्हते. ज्यांनी तो वाचला त्यांना ते कोठून आले हे ठाऊक नव्हते. एकाने प्रामाणिकपणे नोंद ठेवली आणि दुसऱ्याने ती प्रामाणिकपणे कळवली, म्हणून सत्य हाती आले. ते एकट्याला कधीच गवसले नसते.

देशादेशांतील सहकार्याचा पायाही हाच. १९७९ साली मद्रास येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आश्रयाने सुरू झालेला बंगाल उपसागर कार्यक्रम २००३ साली बांगलादेश, भारत, मालदीव आणि श्रीलंका यांची आंतरशासकीय संघटना बनला. या देशांत सीमेवरून कुरबुरी होतात, एकमेकांचे मच्छीमार पकडलेही जातात. तरीही मासळी किती उरली हे जाणण्यासाठी त्यांना एका मेजाभोवती बसावे लागते. तेथे आपला आकडा लपवणारा देश शेजाऱ्याला फसवतोच, पण उद्याच्या आपल्याच कोळ्यालाही उपाशी ठेवतो. अशा ठिकाणी सत्य बोलणे हीच शेजारधर्माची पहिली पायरी होय.

आणि येथे आमची बोटे आमच्याकडेच वळतात. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणानंतर उरलेल्या थर्माकोलच्या ताटल्या आवारामागच्या नाल्यात गेलेल्या आम्ही पाहिल्या. तो नाला नाग नदीला मिळतो हे आम्हांला माहीत होते. आम्ही काही बोललो नाही. पाहुणे अजून जेवत होते. पापनिवेदनाच्या वेळी आपण केलेल्या पापांची आठवण करतो, पण न केलेल्या कर्तव्यांची यादी बहुधा अपुरी राहते. दयाळू शोमरोन्याच्या बोधकथेत याजकाने आणि लेव्याने त्या जखमी माणसाला मारले नव्हते. त्यांनी त्याला पाहिले आणि ते निघून गेले, इतकेच.

कोणी विचारील, ज्या वस्तीत पिण्याचे पाणीच दोन दिवसांआड येते, तेथील माणसाला समुद्राची चिंता सांगावी काय? नाही. त्याच्यावर हे ओझे टाकणे अन्याय ठरेल. ज्याच्या हाती निवड आहे त्याच्यावर कर्तव्य आधी येते. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडा, हा आग्रह धरण्याइतपत शिक्षण आणि वेळ आपल्यापैकी अनेकांना लाभला आहे. नाल्यात काय टाकायचे नाही, हे ठरवणे तर आपल्याच हाती आहे. पुढच्या सणाला आम्ही नाल्याच्या काठी उभे राहू, मग पाहुणे जेवत असले तरी.

त्या मुलीला आता आम्ही असे सांगू: बाळ, नागपूरचा समुद्र आपल्या घरामागच्या नाल्यापासून सुरू होतो. तो फार दूरवर जाऊन दिसतो, इतकेच.