निवळी

दशलक्षण पर्व चालू होतं, उत्तम सत्याचा दिवस. बस्तीत पंडितजी सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगत होते. 'कूटलेखक्रिया' या शब्दावर ते थांबले. खोटे दस्त, खोटे हिशेब, खोट्या सह्या, अशी उदाहरणं त्यांनी दिली. आम्हा बायकांच्या बाजूला सगळ्या निर्धास्त. ही पापं दुकानातली, आपली नव्हेत! मला मात्र माझी नववीतली प्रयोगवही आठवली.

कार्बन डायऑक्साइड तयार करायचा प्रयोग होता. बाटलीत संगमरवराचे तुकडे, वरून नरसाळ्यातून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि निघणारा वायू नळीतून चुन्याच्या निवळीत सोडायचा. निवळी दुधासारखी पांढरी झाली की वायू ओळखला. आम्ल ओतताना माझ्या हातावर दोन थेंब उडाले. माझी जोडीदारीण, शहापूरच्या विणकरांच्या घरातली, मला ओढतच नळावर घेऊन गेली आणि बराच वेळ माझा हात पाण्याखाली धरून उभी राहिली. परत आलो तर बुडबुडे चालूच होते, पण निवळी पाण्यासारखी स्वच्छ.

तिनं वहीत लिहिलं, 'निवळी स्वच्छ दिसली.' मी लिहिलं, 'निवळी दुधाळ झाली.' पुस्तकात तसंच होतं ना! मला बरोबरची खूण मिळाली. तिच्या वहीत लाल फुली, आणि सगळ्या वर्गासमोर बोलणी. 'बाई, आम्ही दोघींनी एकच निवळी पाहिली' एवढं सांगायला माझं तोंड काही उघडलं नाही.

पुढं माझी लेक नववीत गेली. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, आज आमची निवळी पांढरी झाली आणि परत स्वच्छ पण झाली!" तिच्या बाईंनी वायू मुद्दाम जास्त वेळ सोडून ठेवला होता. वायू आणि चुना मिळून आधी कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते पाण्यात विरघळत नाही, तोच पांढरा गढूळपणा. वायू येतच राहिला की त्याचं बायकार्बोनेट होतं, ते विरघळतं आणि निवळी पुन्हा निवळते. तापवली तर परत पांढरी.

म्हणजे आम्ही नळावर होतो तेवढ्यात सगळं होऊन गेलं होतं. मी लिहिलेलं वाक्य खरं निघालं. मग मी खोटं लिहिलं, असं म्हणायचं की नाही?

मनातल्या मनात मी बरेच दिवस स्वतःची वकिली केली. ती टिकली नाही. सत्य नुसतं वाक्यात बसलेलं नसतं, ते सांगणारीच्या मनातही असावं लागतं. आपल्या शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे, आणि असत्याचंही तिथंच. मी न पाहिलेलं 'निरीक्षणा'त लिहिलं, ते फुली चुकवण्यासाठी. वाक्य खरं ठरलं ते माझ्या पुण्याईनं नव्हे, रसायनाच्या नियमानं. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं १७५० च्या दशकात हा वायू अभ्यासला, तेव्हा त्याच्यापुढं उत्तर छापलेलं पुस्तक नव्हतं. डोळ्यांना दिसलं ते मांडण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. आम्हाला पुस्तक होतं, म्हणून आम्ही डोळे वापरले नाहीत.

आणि हे काय फक्त शाळेतच होतं? नवी सून घरी येते, तिचं निरीक्षण आपण आधीच लिहून ठेवलेलं असतं. शेजारची गप्प असते, तर 'तिचं सगळं बरं चाललंय' म्हणून मोकळ्या होतो. कितीदा तरी आपण उशिरा पोचलेल्या असतो. जे व्हायचं ते होऊन निवळी वरवर स्वच्छ झालेली असते. 'मला असं दिसलं' आणि 'असंच आहे' या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे! स्याद्वाद तरी आणखी काय सांगतो?

त्या वर्षी क्षमावाणीला मी शहापूरला तिच्या घरी गेले. बऱ्याच वर्षांनी भेटत होतो. चहा घेता घेता सगळं सांगितलं, निवळीचं रसायनसुद्धा. ती हसली, मग जरा वेळ गप्प राहिली.

"तेव्हाच सांगायचीस की गं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला नीट बघताच येत नाही. म्हणून तर अकरावीला सायन्स घेतलं नाही."

तिनं क्षमा केली. निघताना माझा तोच हात हातात घेतला. पण क्षमा मिळाल्यानं तिची अकरावी परत येत नाही, हेही मला त्या दारात उभं असताना समजलं. आता लेकीची प्रयोगवही तपासायला बसते तेव्हा मी उत्तर बघत नाही. एवढंच विचारते, "तुला काय दिसलं ते लिहिलंस ना?"