दुसऱ्याच्या पायांनी

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठांचा फुटबॉल पाहताना हल्ली माझी नजर चेंडूवर ठरत नाही. ती रेषेबाहेरच्या प्रशिक्षकाकडे जाते. तो एके काळचा फॉरवर्ड असला, की पोराने गोलासमोर संधी दवडली रे दवडली, याचाच पाय नकळत झटकतो.

पी. के. बॅनर्जी आठवतात. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्धचा गोल त्यांचा. १९६२ साली जाकार्ताला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यातलाही एक त्यांचाच. पुढे १९७७ साली त्यांच्या हाताखालच्या मोहन बागानने कलकत्त्यात पेलेच्या कॉसमॉसशी २-२ अशी बरोबरी केली. पण ते दोन गोल श्याम थापा आणि हबीब यांच्या नावावर लागले.

मग ती गोलाची भूक मरते, की नुसता वेष पालटते? मी मास्तर आहे, म्हणून विचारतो. माझ्या एका विद्यार्थ्याची कथा छापून आली, तेव्हा मी पेढे वाटले. रात्री मात्र ती पुन्हा वाचली, ती तीत माझे एखादे वाक्य सापडते का, हे पाहण्यासाठी. एकही सापडले नाही. बराच वेळ झोप आली नाही.