सोऱ्या आणि साचा

दिवाळीच्या तोंडावर पुण्यात घरगुती वस्तूंची प्रदर्शनं भरतात. उटणं, पणत्या, आकाशकंदील, फराळ या गर्दीत एखादं टेबल कागदी वस्तूंचं असतं. त्यावर उभी मांडलेली शुभेच्छापत्रं, नक्षीदार कडांच्या चिठ्ठ्या, चार लाडू मावतील एवढे डबे. अशाच एका टेबलापाशी चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांनी एक कार्ड उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विकणाऱ्या बाईंना विचारलं, "फूल रबरी ठशाचं, पाकळी पंचनं कापलेली, कागद दुकानातला. मग यात हातचं काय आहे, ताई?"

बाई नुसत्या हसल्या. पलीकडे दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मात्र नव्हता. संध्याकाळचा स्वयंपाक आवरून, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रात्री अकरापर्यंत कागद कापणाऱ्या अनेक जणींना तो कधी ना कधी ऐकावा लागतो, आणि तो लागतो. यंत्र मोठं की हात मोठा, हा जुना वाद इथे पुन्हा उगाळण्याचं कारण नाही. शिक्षकांचा आक्षेप त्याहून नेमका होता. आकार आयता असेल तर वस्तू आपली कशी?

याचं उत्तर शोधायला आर्ट गॅलरीत जावं लागत नाही, दिवाळीच्या स्वयंपाकघरात मिळतं. चकली सोऱ्यातून पडते. तिचे काटे सोऱ्याच्या ताटलीतल्या चांदणीने पाडलेले असतात, करणारीने नव्हे. तरी "आईच्या हातची चकली" असंच म्हटलं जातं आणि त्यात कोणाला खोट दिसत नाही. तेच मोदकाच्या बाबतीत पाहा. साच्यात दाबून काढलेला मोदक पानात आला की बोटांनी कळ्या पाडणाऱ्या घरांमध्ये हलकीशी नापसंती उमटते. दोन्हींत आकार आयताच आहे. मग एकाला मान आणि दुसऱ्याला नाक मुरडणं का?

कारण सोऱ्या काम अर्धं करून थांबतो. भाजणी खमंग आहे का, मोहन किती, पीठ सैल की घट्ट, वेटोळं कुठे सुरू करायचं आणि टोक कसं दाबायचं, हे सगळं त्याने हातावर सोपवलेलं असतं. साचा आकाराचं काम पुरतं करून देतो. त्यातून मोदक उपडा केला की हाताला करण्यासारखं काही उरत नाही. सोऱ्या आणि साचा यांतला हा फरक धरला, तर शिक्षकांचा प्रश्न बदलतो. ठसा आणि पंच आयते आहेत हे उघडच आहे. प्रश्न असा की ते सोऱ्यासारखे आहेत की साच्यासारखे?

टेबलावरचं काम जवळून पाहिलं तर उत्तर सोपं वाटतं. जुने ठसे लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेल्या रबराचे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्कं करण्याचं पेटंट 1844 मध्ये घेतलं, त्यानंतरच असा ठसा शक्य झाला. आता पारदर्शक पॉलिमरचे ठसे ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला लावून वापरतात. छाप कुठे पडणार हे आरपार दिसतं. पण दिसलं म्हणून तो तिथेच नीट पडतो असं नाही. ठोकळा जरा डुलला की कडेची शाई कागदावर लागते. तो सरळ दाबायचा आणि सरळ उचलायचा, हे मनगटाला शिकवावं लागतं. उठावाची नक्षी हवी असेल तर लवकर न वाळणारी पिगमेंट शाई लागते. ती ओली असतानाच पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवेच्या गननं वितळवायची. क्षणभर उशीर झाला की कागद वळतो.

पंचचंही तसंच. जागा दिसावी म्हणून जाणत्या बायका तो उलटा धरतात. धार बोथटली की ॲल्युमिनियमच्या फॉइलवर दहा-पंधरा वेळा चालवतात, अडकायला लागला की मेणकागदावर. कार्डाचा मुख्य कागद बहुधा 250 ते 300 जीएसएमचा असतो. त्याच्या तंतूंना एक दिशा असते. घडी त्या दिशेने घातली तर स्वच्छ बसते, आडवी घातली तर कडेला तडे जातात. हे ज्ञान कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं, चार-पाच कार्डं वाया गेल्यावरच येतं.

शिक्षकांच्या बाजूने एक मोठा साक्षीदार मात्र उभा करता येतो. इंग्लंडचे जॉन रस्किन. 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस' या ग्रंथाच्या 1853 सालच्या दुसऱ्या खंडात त्यांनी काचेच्या मण्यांचं उदाहरण घेतलं आहे. काचेच्या लांब कांड्यांचे मण्याएवढे तुकडे पाडत कारागीर दिवसभर बसतात. त्या कामात त्यांच्या कल्पनेला जागा नसते आणि हात अखंड थरथरत राहतात. असे मणी विकत घेणारी तरुणी गुलामांच्या व्यापारात भागीदार होते, इतकं कठोर त्यांनी लिहिलं. त्यांचा नियम स्पष्ट होता. वस्तू अगदी गरजेची नसेल आणि ती घडवताना कल्पकतेला वाव नसेल, तर तिला उत्तेजन देऊ नये. या कसोटीवर पंचनं पाडलेली शंभर फुलं सरळ नापास होतात.

रस्किन यांना हलक्यात घेणं महाराष्ट्राला शोभणार नाही. त्यांचंच 'अन्टु धिस लास्ट' हे पुस्तक गांधीजींनी 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रेल्वेप्रवासात वाचलं आणि त्यांचं जगणं बदललं. पुढे 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याने हाती घेतलेल्या उद्योगांत हातकागदही होता. आज शुभेच्छापत्रासाठी जो खरखरीत, पाकळ्या दाबलेला कागद हौसेनं निवडला जातो, त्याच्यामागे हीही परंपरा आहे.

तरीही इथे रस्किन यांचा नेम चुकतो. मण्यांच्या कारागिराला तुकडा कुठे बसवायचा हे ठरवण्याचा हक्क नव्हता. पंच चालवणारीला तो पूर्ण असतो. गोलाचा पंच मारून अर्ध्यात कापला की पणती होते, थेंबाच्या आकाराचा पंच तिच्यावर उभा केला की ज्योत. तेच तीन थेंब देठाशी जुळवले की बेलाचं पान, आठ गोलात फिरवले की रांगोळी. बदामाचा पंच उलटा केला की पाकळी, दोन बदाम टोकाला टोक लावून ठेवले की फुलपाखराचे पंख. पंचांच्या डब्यात बदाम आणि गोल असतात, पणती नसते. ती डोळ्याला आधी दिसावी लागते. कल्पकता कापण्यातून निघून जुळवण्यात गेली, एवढंच. मराठी शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाचे तुकडे चिकटवताना मुलं हेच करत आली आहेत.

कागदाच्या डब्यात तर सोऱ्याची बाजू आणखी भक्कम होते. एक लाडू साडेचार सेंटिमीटरचा धरला, तर दोन-दोनच्या ओळीत चार लाडवांना 9 सेंटिमीटरचा तळ लागतो. उंची 5 धरली की कागद 19 सेंटिमीटर चौरस. ए-फोर कागदातून तो निघतो. झाकणाचा तळ 9.2, नाहीतर बसणार नाही. भिंती 2 सेंटिमीटरच्या केल्या की त्याचा कागद 13.2. चारी बाजूंनी घडीच्या रेघा मारायच्या, कोपऱ्यांत चार काप द्यायचे, आणि आत बटरपेपर, कारण बेसनलाडवाचं तूप कागदात उतरतं. यातलं एकही माप लाडू वळणारीला विचारल्याशिवाय ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात 1879 च्या सुमारास कागदी पिशव्यांना घडी पाडणारी धातूची पट्टी चुकून वर सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात जमेल हे त्यांना त्यावरून सुचलं, आणि कारखान्यातले घडीचे खोके जन्मले. ते खोके हजारोंनी एकाच मापाचे निघतात. घरचा डबा त्या आठवड्याच्या लाडवांच्या मापाचा असतो.

डब्यांचा विषय निघाला की वाण्याची पुडी आठवल्याशिवाय राहत नाही. छताला टांगलेल्या रिळावरून सुतळी ओढत, रद्दीच्या कागदात पाव किलो साखर किंवा छटाकभर जिरं बांधणारा वाणी डिंक वापरत नसे. शेवटचं टोक घडीतच खोचलं जाई आणि पुडी पिशवीत उपडी पडली तरी सांडत नसे. देवळातल्या अंगाऱ्याची पुडी त्याहून नाजूक, बोटाच्या पेराएवढी. वैद्यांच्या पुड्या सगळ्या सारख्या, ओळीने मांडलेल्या. त्याही मागे द्रोण आहे. पळसाचं पान, दोन-तीन काड्या, आणि कढीसुद्धा राहील असा खोलगटपणा. खाऊ देण्यासाठी सपाट वस्तूला पोट आणण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिला कोणी कला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

इथपर्यंत शिक्षकांचा आक्षेप परतवला गेला असं वाटतं. पण अमेरिकेतल्या एका बाईंची गोष्ट मध्ये येते आणि हिशेब बिघडतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावच्या एस्थर हाउलँड. 1847 मध्ये माउंट होल्योक इथलं शिक्षण संपवून त्या घरी आल्या. इंग्लंडहून आलेलं लेसच्या कागदाचं एक प्रेमपत्र पाहून आपण याहून सुंदर करू असं त्यांना वाटलं. भावाने विक्रीच्या फेरीवर नमुने नेले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मागणी घेऊन तो परतला. मग त्यांनी घरातच मैत्रिणींना बसवलं. एक जण कापणार, दुसरी लेस लावणार, तिसरी फूल चिकटवणार, आणि कार्ड पुढे सरकणार. प्रत्येक कार्ड अक्षरशः हाताने केलेलं होतं, तरी ती कारखान्याची रांग होती. हात असणं पुरेसं नाही, हे इथेच कळतं. त्याहून बोलका पुढचा भाग. 1879 मध्ये त्यांच्या कंपनीने शंभराहून अधिक छापील कवितांचं पुस्तक काढलं. कार्डातली कविता आवडली नाही तर पुस्तकातली दुसरी निवडायची आणि तिच्यावर चिकटवायची. मजकूर सुटा, मन सुटं.

आजच्या ठशांच्या संचात त्या पुस्तकाचा वारसा आहे. फुलं, पानं, पक्षी यांच्याबरोबर शब्दांचे ठसे येतात. वाढदिवसाचे, आभाराचे, सांत्वनाचेही. फुलाचा ठसा उमटल्यावर रंग भरायचा असतो, जागा शोधायची असते, शेजारी काय ठेवायचं ते ठरवायचं असतं. "तुमच्या दुःखात सहभागी" हा ठसा उमटला की काम संपतं. तो साचा आहे. कोणाचं दुःख, गेलं कोण, ते माणूस कसं हसायचं, हे लिहिण्याची गरजच तो काढून घेतो. फुलाचा बचाव करायला निघालेल्या माणसाला इथे शिक्षकांशी सहमत व्हावं लागतं, फक्त त्यांनी दाखवलेल्या जागी नाही. ते पाकळीकडे बोट दाखवत होते. हात गैरहजर होता तो खालच्या ओळीत.

मग साच्यातले शब्द सगळेच वाईट का? संक्रांतीला अख्खा महाराष्ट्र "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे एकच वाक्य बोलतो. पूर्वी लांबच्या नातलगांना पत्राच्या पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून धाडत. पाकिटावर डाकघराचा शिक्का बसे, दाण्यांचा चुरा होई, आणि तो चुराही कौतुकाने चाटला जाई. तिथेही शब्द आयतेच होते, पण त्यांच्याखाली चार ओळी असत. धाकटीला दात आले, विहिरीचं पाणी आटलं, आत्याला नमस्कार सांगा. आयत्या वाक्याने फक्त दार उघडलं जाई.

म्हणजे शब्दांचा ठसाही सोऱ्या होऊ शकतो, त्याच्यापुढे जागा सोडलेली असेल तर. देवनागरी अक्षरांचे ठसे हौशी वस्तूंच्या दुकानांत क्वचितच दिसतात. पण कचेऱ्यांच्या आसपास रबरी शिक्के करून देणारी छोटी दुकानं असतात. तिथे कागदावर "शुभ दीपावली" लिहून दिलं की शिक्का तयार होतो. या दुकानांत टांगलेले नमुने पाहण्यासारखे असतात. सचिव, मुख्याध्यापक, सरपंच, आवक-जावक. बहुतेकांत पदनामाच्या वर कोरी जागा किंवा तारखेपुढे ठिपक्यांची रेघ असते, कारण तिथे पेनाने सही झाल्याशिवाय तो कागद कोणी घेत नाही.